बीटा जावई

रामभाऊ उबाळ्यांनी एखाद्या पत्राला उत्तर दिलं नाही, असं खर्डीत कधी घडलं नव्हतं. विमा कंपनीनं सगळ्या जगाला सरसकट धाडलेल्या छापील पत्रालाही ते ‘आपले कृपापत्र पावले’ असं उलटटपाली कळवायचे. वर त्या छापील पत्रात काय काय चुकलंय तेही कळवायचे! असं एकच पत्र निघालं, ज्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. आणि तेही कुणाचं? होणाऱ्या जावयाचं!

रामभाऊंनी मुंबईच्या एका छापखान्यात उभा जन्म प्रुफं तपासली. निवृत्त होऊन ते खर्डीला घरी येऊन बसले, पण त्यांचा डोळा काही निवृत्त झाला नाही. दुकानाची पाटी असो, तांदळाच्या गोणीवरचा शिक्का असो, नाहीतर निवडणुकीचं पत्रक असो, समोर अक्षर दिसलं की खिशातलं लाल पेन आपोआप वर यायचं. “माझ्या नजरेतून चूक सुटायची नाही!” असं ते छाती काढून सांगायचे. आणि ते अगदी खरं होतं. घरची मोठी अडचण तीच तर होती!

थोरल्या मनालीला पहिलं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या बापानं मुलाची माहिती टाइप करून पाठवली. रामभाऊंनी ती वाचली, लाल शाईनं समासात खुणा केल्या आणि खाली ‘दुसरे प्रूफ पाठवावे’ असं लिहून परत धाडली. दुसरं प्रूफ आलं नाही. मुलगाही आला नाही. दुसऱ्या स्थळाच्या घरी मंडळी पाहुणचाराला गेली, तर दारात नव्या घराची संगमरवरी पाटी. रामभाऊ चपला काढायच्या आधीच म्हणाले, “छान आहे. पण पुन्हा कोरून घ्यावी लागेल.” चहा आला, पोहे आले नाहीत.

त्या दिवशी परतताना रिक्षात भीमाबाईंनी नवऱ्याला बजावलं, “यापुढं तुमी चूक काढलीत ना, तर मी तुमचं ते लाल पेन चुलीत घालीन! पोरगी घरात म्हातारी करायची हाय का?”

रामभाऊंनी लाल पेन खिशात खोल ढकललं. आता कोणताही जावई येवो, त्याच्यात चूक म्हणून काढायची नाही, हा घरचा कायदा झाला.

आणि मग प्रशांतचं स्थळ आलं. मुरबाडच्या स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरवर छपाईचं दुकान. हुशार, सरळ, बोलायला गोड. मनालीनं त्याला पाहिलं आणि ती त्या दिवसापासून विनाकारण अंगण झाडायला लागली. सुपारी फुटली. आणि आठवड्याच्या आत पोस्टानं एक जाड पाकीट आलं. आत एक फ्लॉपी आणि चार ओळींचं पत्र.

‘ती. मामांस सप्रेम जयभीम. मी मराठी छपाईचा एक प्रोग्राम तयार केला आहे. नाव काळू. त्यात निमंत्रणं, पत्ते, सगळं छापता येतं. सध्या तो बीटा आहे. आपल्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही. त्यातल्या चुका काढून मला लेखी कळवाव्यात. जितक्या जास्त काढाल, तितका मी आभारी राहीन.’

रामभाऊंनी पत्र दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. साऱ्या आयुष्यात छापखान्याबाहेर कुणी त्यांना आपणहून चुका काढायला सांगितलं नव्हतं. आणि सांगणारा कोण, तर जावई!

“काळू?” भीमाबाई म्हणाल्या. “कुत्र्यावानी नाव!”

“नदी आहे ती. मुरबाडची.”

“आनि बीटा म्हंजे काय?”

अडला शब्द पाहिल्याशिवाय रामभाऊंना जेवण जायचं नाही. ते तडक वाचनालयात गेले, विश्वकोश उघडून बसले आणि संध्याकाळी विजयी चेहऱ्यानं परतले. “ग्रीक वर्णमालेतलं दुसरं अक्षर! तारकापुंजातल्या दुसऱ्या नंबरच्या ताऱ्याला बीटा म्हणतात. विलायतेत परीक्षेला दुसऱ्या दर्जाचा पेपर लिहिला की गुण मिळतात बीटा. आणि अगदी मुळात गेलीस ना, तर तो शब्द निघालाय ‘घर’ या अर्थाच्या शब्दातून! बघ, केवढा प्रवास!”

त्या प्रवासात भीमाबाई पहिल्याच स्टेशनावर उतरल्या होत्या. “दुसरा? मग पयला कुठं हाय?”

“पहिल्याला अल्फा म्हणतात.”

“तो कुनाच्या घरी गेला?”

“कुणाच्या घरी म्हणजे?”

“म्हंजे काय म्हंजे! पयल्या नंबरचा दुसऱ्या कुनाला धाडला आनि दोन नंबरचा आपल्याला! त्याच्या मनात दुसरी पोरगी हाय. माजा उजवा डोळा कालपासून लवतोय, मी बोलले नाय एवढंच!”

आत मनालीच्या हातातून भांडं पडलं. धाकटी मेघा शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. शेवटी तीच मध्ये पडली.

“अगो आई, तसं नाय! अल्फा घरातल्या घरात तपासतात. बीटा झाला की बाहेरच्यांकडं देतात, चुका काढायला.”

“आमी बाहेरचे?”

“लगीन होईपर्यंत बाहेरचेच की! क्लासात तर आमी अर्धवट कशालापन बीटा म्हनतो. भात कच्चा राहिला, बीटा. सरांनी नवीन मिशी ठेवलीय, बीटा. आता ताईचं लगीन ठरलंय पन झालं नाय, तर भाऊजीपन बीटाच. बीटा जावई!”

विश्वकोशात न सापडलेला हा अर्थ रामभाऊंना फारच पटला. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “अगदी बरोबर! म्हणजे चुका काढायची वेळ हीच! एकदा पक्कं झाल्यावर काढून काय उपयोग?”

“बीटातल्या दोघांच्या काढल्यात ना?” भीमाबाई म्हणाल्या. “कुठं हायत ते आता?”

रामभाऊ विश्वकोशातून उतरवून आणलेली टिपणं चाळू लागले. पण दुसऱ्या दिवशी ‘नुसतं बघून येतो’ म्हणून ते मेघाबरोबर शहापूरला निघालेच. फ्लॉपीला धक्का लागू नये म्हणून ती त्यांनी स्टीलच्या डब्यात, पोळ्यांच्या जागी ठेवली होती.

क्लासच्या सतीश सरांनी काळू चालू करून दिला. रामभाऊंनी सांगितलं आणि मेघानं टाइप केलं. आधी एक निमंत्रण छापलं. एक चूक सापडली. रामभाऊ ताठ बसले. चौकट छापली. तिची उजवी बाजू पुढच्या पानावर पळाली. रामभाऊंच्या चेहऱ्यावर तेज चढलं. मग नातेवाईकांचे पत्ते घातले. भीमाबाईंचा शेणव्याचा थोरला भाऊ, धाकटा भाऊ, मावशी, आत्या, सगळे. प्रिंटर कुरकुरला, कण्हला, आणि त्यानं पान बाहेर टाकलं. पानभर एकच नाव! थोरल्या मेव्हण्याचं! वरपासून खालपर्यंत थोरला मेव्हणाच मेव्हणा!

“पहिला पत्ता घेऊन बसलाय. पुढं सरकतच नाय,” मेघा म्हणाली.

रामभाऊ त्या पानाकडे डोळे भरून बघत राहिले. इतकी मोठी, भरीव, देखणी चूक छापखान्यातल्या साऱ्या वर्षांत त्यांच्या वाट्याला आली नव्हती!

घरी आल्याआल्या त्यांनी फुलस्केप कागद काढला. लाल पेनाचं टोपण काढलं. ‘चि. प्रशांत यास’ एवढं लिहून होतंय तोच कागदावर सावली पडली.

“काय लिवताव?”

“त्यानंच मागितल्यात गं चुका.”

“मागितल्या म्हनून देतात का? पावना ‘आता पुरे’ म्हनतो, तवा आपन ताट उचलतो का? अजून एक भाकर वाढतोच ना? तसंच हाय ते. बोलायची रीत असते! त्यो तुमाला बघतोय. सासरा कसा हाय, खोडी काढनारा हाय का, ते बघतोय!”

“अगं, पण पत्ता पुढं सरकत नाही...”

“नाय सरकला तर नाय सरकला! पोरगी सरकू दे!”

दारात मनाली उभी होती. एरवी ती बापासमोर लग्नाचा शब्दही काढत नसे. ती हळूच म्हणाली, “बाबा, या वेळी नको ना.”

बस्स. रामभाऊंनी पेनाला टोपण लावलं. पत्र घडी करून विश्वकोशातून उतरवलेल्या टिपणांत ठेवून दिलं. आणि भीमाबाईंनी संध्याकाळी स्टेशनजवळच्या बूथवरून मुरबाडला फोन लावला. सगळ्या खर्डीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “जावयबापू, एकपन चूक नाय! यांनी पार भिंग लावून बघितलं! हां, हां! सोन्यासारखा हाय तुमचा काळू!”

पलीकडे प्रशांतला काय आनंद झाला! तो पुढच्याच रविवारी स्कूटर काढून खर्डीला हजर. “मामा, तुम्ही पास केलात म्हणजे झालंच! आता आपल्या लग्नाच्या पत्रिका काळूवरच काढणार. दोन्हीकडचे पत्तेपण त्याच्यावरच. तुम्ही फक्त नावं द्या. पत्ते चिकटवून, तिकिटं लावून थेट पोस्टात! घरोघर हिंडायचा टाइम गेला आता!”

रामभाऊंनी कप खाली ठेवला. “पत्ते... म्हणजे... एकदा नजरेखालून घातले असते...”

“कशाला? तुम्ही तपासलंय ना?”

“तपासलंय. पण...”

“मामा, तुमच्यासारखा माणूस एकही चूक नाय म्हणतो. मग मी कोण पुन्हा बघणारा? दुकानातला पोऱ्या चिकटवील आणि टाकील.”

भीमाबाईंनी आतून डोळे वटारले. रामभाऊंनी उरलेला चहा मुकाट्यानं पिऊन टाकला. मनाशी म्हणाले, केली असेल त्यानं दुरुस्ती. एवढा हुशार मुलगा! त्याला काय दिसणार नाही? आणि मग त्यांना खरंच धीर आला. इतका, की ते खर्डीभर सांगत सुटले, “आमच्याकडं आता पायपीट नाही! आमचे जावई कॉम्प्युटरवाले!”

नावं लिहायला बसले आणि पहिलाच पेच पडला. पहिलं नाव कुणाचं? पहिली पत्रिका कुणाला गेली, ते गणगोतात लपून राहत नाही. थोरल्या मेव्हण्याचं घातलं तर आत्या रुसणार. आत्याचं घातलं तर मावशी. पहिल्या नावावरून तर गेल्या वर्षी एका घरी लग्नातच हाणामारी झाली होती! रामभाऊंनी पुष्कळ विचार करून बिनतोड तोड काढली. पहिलं नाव नात्यातल्या कुणाचं घालायचंच नाही! वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीवर नामा राहायचा. घरातली सुपं, टोपल्या, कणगी सगळी त्याच्या हातची, आणि रामभाऊंशी जुना स्नेह. त्याच्या नावावर कोण रुसणार? वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘श्री. नामा, वरची वाडी, वैशाखरे.’ त्याच्याखाली आपलं सगळं गणगोत. मुलाकडची नावं प्रशांत त्याखाली जोडणार होता.

पत्रिका पोस्टात पडल्या. दिवस जाऊ लागले. मुंडावळ्या आल्या, साड्या आल्या, पण एकाही नातेवाइकाचा निरोप आला नाही.

“माझ्या भावाचा काय फोन नाय,” भीमाबाई म्हणायच्या.

“टपाल हल्ली उशिरा जातं.”

मग रामभाऊंना शहापूरच्या बाजारात थोरला मेव्हणा दिसला. त्यानं यांना पाहिलं आणि तो कांद्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिला. कांदे संपेपर्यंत वळला नाही. लग्नाची तारीख सगळ्यांना तोंडी ठाऊक होती, पण पत्रिका हातात पडल्याशिवाय जाईल तो पाहुणा कसला?

ते शेणव्याला समक्ष बोलावणं करायला निघाले. स्टँडवर पोचल्यावर त्यांच्या मनात आलं, समजा पत्रिका पोचली असेल, तर? पोचूनही आपण पुन्हा सांगायला गेलो, तर त्याचा अर्थ काय? जावयाच्या कामावर सासऱ्याचा भरवसा नाही! म्हणजे ही चूक काढल्यासारखंच झालं की! एसटी आली, थांबली, निघून गेली. रामभाऊ घरी परतले.

लग्न मे महिन्यात, शहापूरच्या एका हॉलमध्ये. खुर्च्या मांडलेल्या, पंखे गरगरतायत, स्पीकरवर भीमगीतं चाललीयत, समोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, फुलं, मेणबत्त्या. सगळं अगदी झकास. फक्त खुर्च्यांवर माणसं नव्हती! मुलीकडचे घरातले आणि मुलाकडचे घरातले, दोन टोकांना तोंडं पाडून बसलेले. आचाऱ्यानं तीनदा येऊन विचारलं, “भात टाकू का थांबू?” 

प्रशांतचे वडील भीमाबाईंना म्हणाले, “तुमचे पाहुणे?”

“तुमचे?” भीमाबाई म्हणाल्या.

नाही म्हणायला थोरला मेव्हणा आला होता. पण तो फाटकाबाहेर उभा होता. आपण आलेलो नाही, हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून आला होता!

बौद्धाचार्यांनी घड्याळ पाहिलं. मनाली शेल्याचं टोक पिळत होती. पोरीचं लग्न रिकाम्या खुर्च्यांसमोर लागणार, या विचारानं रामभाऊ उगाच खुर्च्या सरळ करू लागले. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मग दुसरा. मग एक ट्रक! त्यातून माणसं उतरू लागली. फेटेवाले, टोपीवाले, नऊवारीतल्या बाया, कडेवर पोरं. डोक्यावर फणस, करवंदांच्या पाट्या, नवीकोरी सुपं! आणि सगळ्यांच्या पुढं नामा, हातात पत्रिकांच्या रिकाम्या पाकिटांची चळत.

“रामा!” नामा हॉल दणाणेल असा ओरडला. “तुझा कागुद आला रे! येक आला, मंग पोस्टमन बोचकाच घेऊन आला! समद्यांवर माझाच नाव! मी म्हनलां, रामा येकल्याला नाय बोलवीत, सगळी वाडी बोलवतो! घरटी येकेक वाटला. कमी पडला त्यांना तसाच आनला. चालंल ना?”

“चालेल!” रामभाऊंच्या तोंडून कसंबसं निघालं. 

खुर्च्या भरल्या. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. हॉल असा गजबजला, की पंख्याचा आवाज बंद झाला. फाटकातल्या मेव्हण्यानं हे पाहिलं. भाचीच्या लग्नात पुढच्या रांगेत परकी माणसं आणि सख्खा मामा रस्त्यावर? तो तरातरा आत आला आणि नामाच्या शेजारी कोपर मारून बसला.

पण प्रशांतनं नामाच्या हातातली पाकिटं घेतली होती. एक पाहिलं. दुसरं पाहिलं. सगळी पाहिली. त्याचा चेहरा उतरला. तो उठून सरळ रामभाऊंसमोर आला.

“मामा, पत्ता पुढं सरकलाच नाही. ही चूक तुम्हाला दिसली नव्हती?”

सगळा हॉल वळून बघू लागला. भीमाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की समोरचा फणस पिकावा. ‘नाही दिसली’ एवढे दोन शब्द बोलले असते तर काम भागत होतं. पण रामभाऊंच्या नजरेतून चूक सुटली, असं रामभाऊंनी स्वतः म्हणायचं? साऱ्या जन्माचं काम पाण्यात?

“दिसली होती,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी दिसली.”

“मग मला सांगितलं का नाही? मी चुकाच मागितल्या होत्या ना?”

“तेव्हा तुम्ही बीटा होता, जावयबापू! बीटा असताना मी चुका काढल्या की मुलं परत येत नाहीत. दोन गेली तशी! आणि या पोरीला तिसरं नको होतं. तुम्हीच हवे होता!”

प्रशांतनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आचाऱ्याकडे पाहिलं. नामा शेजाऱ्याला विचारत होता, “बीटा म्हंजे कोन? पोराचा पाळन्यातला नाव का?”

मनालीनं मान वर केली आणि सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात म्हणाली, “आधी लग्न लावा. मग काय त्या चुका काढत बसा जन्मभर!”

मेव्हणा पहिला हसला. मग वाडी हसली. मग प्रशांतला हसू आवरेना. तो वळता वळता म्हणाला, “मामा, पण आता लेखी पायजे. सगळ्या चुका!” 

बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं, फुलं पडली, आणि आचाऱ्यानं अखेर भात टाकला. तो कमी पडला तो भाग वेगळा!

लग्नानंतर जोडपं पहिल्यांदा खर्डीला जेवायला आलं. वड्यांचं जेवण झालं. प्रशांत पडवीत ऐसपैस बसला होता. माजघरात रामभाऊ केव्हाचे पाटावर वाकून लिहीत होते. लाल शाई. एकावर एक फुलस्केप. लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की भीमाबाईंनीसुद्धा पेनाला हात लावला नाही. शेवटी रामभाऊंनी पाकीट चिकटवलं, तिकिटं लावली, चप्पल घातली.

“कुठं निघालात, मामा?”

“पोस्टात. एक पत्र टाकायचंय.”

“कुठलं?”

“मुरबाडचं.”

“कुणाला?”

रामभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, “तुम्हाला.”

“मी इथंच बसलोय की! द्या इकडं!”

रामभाऊंनी पाकीट छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरकले. “हातात? भलतंच काय! घरी जेवायला आलेल्या जावयाला?”

प्रशांत उठला. त्यानं स्कूटर सुरू केली. सासरे मागे बसले, एका हातानं जावयाचा खांदा धरून, दुसऱ्या हातात पाकीट. पोस्टासमोर ते उतरले आणि त्यांनी पाकीट लाल पेटीत सोडलं. आत धप्पकन आवाज झाला.

“जड दिसतंय,” प्रशांत म्हणाला. “मामा, निदान एखादी मोठी चूक तरी सांगा ना. टपाल पोचेपर्यंत मला झोप नाय यायची!”

रामभाऊंनी पेटीवरून हात फिरवला.

“पत्रात सगळं सविस्तर आहे, जावयबापू. असं तोंडावर कसं सांगू?”